आधी मीटर, मग गाडी: सोसायटीत ईव्ही चार्जिंग कसं करून घ्यायचं

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरली की आपण सगळे आधी शोरूमला जातो, टेस्ट ड्राइव्ह घेतो, रेंज विचारतो, रंग ठरवतो, आणि गाडी दारात आली की मग सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठतो की काका, चार्जिंग कुठे करू? हा क्रम उलटा आहे आणि त्यामुळेच भांडणं होतात. मी पण असाच उलट्या क्रमाने गेलो होतो, गाडी आल्यावर सात आठवडे बाहेरच्या चार्जरवर रांगा लावल्या, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. राज्य सरकारने धोरण केलंय, पैसे ठेवलेत, टोल माफ केलाय, पण तुमच्या पार्किंगच्या खांबापर्यंत वायर ओढायला सरकार येणार नाही, ते काम आपलंच आहे आणि जमतं, फक्त कशानंतर काय करायचं ते माहीत पाहिजे.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, आणि मुख्यतः फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. स्वतःचा बंगला किंवा वाडा असेल तर अर्धं काम आपोआप सुटतं, तुम्ही थेट वायरिंगच्या भागाकडे जा.

आधी धोरणात काय आहे ते बघू

राज्याचं आधीचं ईव्ही (म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांचं) धोरण जुलै २०२१ मध्ये आलं, त्यात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीतल्या १० टक्के गाड्या बॅटरीवरच्या असाव्यात असं ठरवलं होतं. त्याची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली आणि मग २९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने नवीन धोरण मंजूर केलं, ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे, त्यासाठी १,९९३ कोटी रुपये ठेवलेत. यातलं लक्ष्य बरंच मोठं आहे, २०३० पर्यंत नव्या नोंदणीत ३० टक्के ईव्ही, आणि दुचाकी-तीनचाकीत तर ४० टक्के. हवेतले पीएम २.५ चे (म्हणजे अगदी बारीक धुळीचे) कण ३२५ टनांनी आणि हरितगृह वायू १० लाख टनांनी कमी करायचे असं त्यात म्हटलंय.

आपल्या खिशाशी संबंधित गोष्टी अशा. दुचाकीला किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त १० हजार रुपये, आणि हे पहिल्या १ लाख गाड्यांना. खासगी कारला पण १० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख, पण फक्त पहिल्या १० हजार कारना. हे आकडे नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. दीड लाख सबसिडी आहे असं ऐकून आपण बजेट आखतो पण तो कोटा आहे, सगळ्यांना नाही. म्हणून बुकिंगच्या वेळी डीलरला एकच प्रश्न विचारायचा, की राज्याची सवलत बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवणार का आणि दाखवणार असाल तर कोटेशनवर लिहून द्या. "नंतर खात्यात येईल" असं तोंडी उत्तर आलं तर तो पैसा धरूच नका, आला तर बरंच आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून खासगी कारला काही मिळत नाही हे पण लक्षात ठेवा. आणि अजूनही काही लोक कर्जाच्या व्याजावर ८०ईईबी खाली आयकरात सूट मिळते असं सांगतात, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, आज कर्ज काढून ती मिळत नाही.

खात्रीने मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. जीएसटी ५ टक्के. मोटार वाहन कर माफ. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांच्या वरच्या ईव्हीवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला होता पण मुख्यमंत्र्यांनी तो सभागृहातच मागे घेतला. आरसी बुकची फी नाही, पीयूसी लागत नाही, थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट आहे. आणि टोल: मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन ठिकाणी ईव्ही कार आणि इलेक्ट्रिक बसना पूर्ण माफी आहे, ऑगस्ट २०२५ पासून ती लागू व्हायला लागली. मालवाहू गाड्यांना नाही. राष्ट्रीय महामार्गांवरचे टोल केंद्राकडे असल्याने तिथे ही माफी चालत नाही, म्हणजे पुण्याहून साताऱ्या-कोल्हापूरकडे गेलात तर टोल भरावाच लागतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर फास्टॅगचं स्टेटमेंट उघडून बघा, पैसे कापले गेले असतील तर तारीख, वेळ, टोलनाक्याचं नाव आणि आरसीची प्रत जोडून लगेच तक्रार टाका, कारण महिनाभराने कोणालाच काही आठवत नाही.

स्कूटर घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. २५ च्या आत स्पीड आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असलेल्या गाड्यांना नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही, म्हणून त्या आकर्षक वाटतात, पण त्यांना नंबर प्लेटच नसते त्यामुळे सबसिडीचा प्रश्नच येत नाही. आणि त्यापेक्षा गंभीर म्हणजे "आम्ही नंतर स्पीड अनलॉक करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. मोटर, कंट्रोलर, ब्रेक काहीच त्या वेगासाठी बनलेलं नसतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दारात उभं करणार नाही.

तुम्हाला खरंच किती वीज लागणार

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो म्हणून जायच्या आधी हा हिशोब करून ठेवा, कागदावर.

कार साधारण एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. रोजचं येणं-जाणं ४० किलोमीटर असेल तर दिवसाला सहा-साडेसहा युनिट. साधा १६ अँपियरचा पॉइंट, म्हणजे गीझर किंवा एसीला असतो तेवढ्याच क्षमतेचा, ३.३ किलोवॉट देतो. म्हणजे रोजची भरपाई व्हायला दोन तास लागतात. दोन तास! लोक ३० युनिटची बॅटरी बघून म्हणतात दहा तास लागतील, पण रोज शून्यावरून शंभरवर कोण नेतं, आपण मोबाईल पण ३०-४० टक्क्याला लावतोच की. स्कूटरचं तर अजून सोपं, तीन-चार युनिटात पूर्ण बॅटरी भरते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, बहुतेकांना ७.४ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर लावायचा मोठा चार्जर, लागतच नाही. कंपनी गाडीसोबत देते म्हणून आपण लावतो, आणि मग सँक्शन लोड (मीटरला मंजूर असलेली विजेची क्षमता) वाढवा, जाड केबल टाका, कोटेशन भरा हे सगळं मागे लागतं. रोज १५० किलोमीटर फिरणारे असाल तर जरूर लावा, बाकीच्यांनी आधी ३.३ वर महिनाभर काढून बघा. दुसरी गोष्ट सोसायटीची: दहा गाड्या ३.३ वर एकाच वेळी लावल्या तर ३३ किलोवॉट, त्याच दहा ७.४ वर लावल्या तर ७४. बाहेरच्या डीपीवर, म्हणजे आपल्याला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, किती ताण येणार ते या एका निर्णयावर ठरतं, आणि संध्याकाळी सात ते दहा, जेव्हा सगळ्यांचे एसी, लिफ्ट, पंप चालू असतात, तेव्हाच सगळ्यांनी प्लग लावला तर अडचण येणारच. रात्री साडेअकरानंतर तोच डीपी निवांत असतो. बहुतेक गाड्यांच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ लावता येते, ती सोय वापरा.

वीज कोणत्या मीटरवरून घ्यायची

तीन रस्ते आहेत आणि तिन्ही कायदेशीर आहेत.

पहिला, तुमच्या घराच्याच मीटरवरून. स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत चार्ज करायला वेगळी परवानगी किंवा लायसन्स लागत नाही, वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकाप्रमाणे घरगुती दरच लागतो. खूप जणांना वाटतं की आपण सातव्या मजल्यावर राहतो, तिथून खाली वायर कशी आणणार, पण मीटर सातव्या मजल्यावर नसतंच, ते खाली मीटर रूममध्ये असतं! मीटरच्या पुढे वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) टाकून तिथून पार्किंगपर्यंत केबल न्यायची, झालं. तोटा एवढाच की घरगुती दर टप्प्यांचा आहे, १०० पर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्याच्या वर. घराचा वापर २५० युनिट असेल आणि त्यात गाडीचे २०० आले तर तुम्ही तिसऱ्या टप्प्यात जाता आणि त्या वरच्या युनिटांचा दर चांगलाच चढा असतो. फक्त स्कूटर असेल तर हा रस्ता उत्तम, डोकं लावायची गरजच नाही.

दुसरा, ईव्हीसाठी वेगळं मीटर. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमात दुरुस्ती केली, त्याप्रमाणे ग्राहकाने मागितलं तर ईव्ही चार्जिंगला स्वतंत्र कनेक्शन द्यायला पाहिजे. त्याच दुरुस्तीत नवीन कनेक्शनच्या मुदती पण कमी केल्या, महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका-महापालिका भागात ७, ग्रामीण भागात १५. अर्ज पूर्ण असेल आणि नवी लाइन टाकायची नसेल तेव्हाच्या या मुदती आहेत हे खरं, पण अर्जात या नियमाचा उल्लेख एका ओळीत केला की समोरच्याला कळतं की तुम्ही वाचून आलाय. ईव्हीचा दर टप्प्यांचा नसतो, जास्त वापरलं म्हणून युनिट महाग होत नाही, कार रोज चालवणाऱ्याला बहुधा हाच रस्ता परवडतो.

तिसरा, सोसायटीच्या नावाने एक ईव्ही मीटर आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला सबमीटर. मला विचाराल तर पाच-सहा गाड्यांच्या वर जायचं असेल तर सोसायटीने हाच घ्यावा. प्रत्येकाने आपापली केबल ओढली की दोन वर्षात मीटर रूममधून केबलचं जाळं निघतं, कुठली कोणाची कळत नाही आणि धोकाही वाढतो. एकच जाड केबल, पार्किंगमध्ये एक पॅनल, तिथून फाटे, हे स्वच्छ आणि एकूण खर्चातही कमी.

कमिटीला कसं पटवायचं

विरोध करणाऱ्यांना शत्रू समजू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त विरोध ज्या काकांनी केला त्यांची भीती खरी होती, त्यांचा फ्लॅट पार्किंगच्या बरोबर वर होता आणि त्यांनी स्कूटरला आग लागल्याच्या बातम्या पाहिल्या होत्या. मी त्यांना "काही होत नाही हो" म्हणालो, ही माझी चूक. नंतर त्यांना खाली नेऊन दाखवलं की काका, आत्ता तिसऱ्या विंगमधला मुलगा जिन्यातून साधी एक्स्टेंशन बोर्डाची वायर खाली सोडून स्कूटर लावतो, ती वायर हाताला गरम लागते, धोका हा आहे, आणि आपण परवानगी नाकारली की लोक हेच करत राहणार. नीट पॉइंट दिला तर हे थांबेल. ते त्यांना पटलं, आणि ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिलं.

मीटिंगमध्ये चार प्रश्न हमखास येतात. आग, लोड, बिल आणि केबलचा खर्च कोणाचा. आगीचं उत्तर म्हणजे तपासणी आणि चांगलं वायरिंग, त्याबद्दल पुढे लिहितो. लोडचं उत्तर वरचा हिशोब. बिलाचं उत्तर सबमीटर, म्हणजे ज्याची गाडी नाही त्याच्या मेंटेनन्समध्ये एक रुपयाही जाणार नाही हे स्पष्ट लिहून द्या. खर्चाचं उत्तर असं, की मीटरपासून पॅनलपर्यंतचा खर्च सोसायटीची मालमत्ता म्हणून सोसायटीने करायचा किंवा पहिल्या काही जणांनी वाटून घ्यायचा आणि नंतर येणाऱ्याने जोडणी फी भरायची, पॅनलपासून पुढचं ज्याचं त्याने.

तोंडी होकारावर काम सुरू करू नका, कमिटी बदलली की होकार पण बदलतो. ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या, सेक्रेटरींवर सोडलं तर पुढच्या सभेवर जातं. आम्ही साधारण असा लिहिला होता, हवा तर हाच बदलून वापरा:

"सभासदांच्या विद्युत वाहनांसाठी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्यास ही सभा मंजुरी देत आहे. प्रत्येक पॉइंट ३.३ किलोवॉटपर्यंत असेल, त्यापेक्षा जास्त क्षमतेसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. सर्व काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करावे व त्याचा टेस्ट रिपोर्ट कार्यालयात जमा करावा. वीजबिल सबमीटरच्या रीडिंगप्रमाणे संबंधित सभासद भरेल. कॉमन लाइनवरून, जिन्यातून किंवा खिडकीतून वायर सोडून वाहन चार्ज करण्यास मनाई राहील. पूर्ण अर्जावर कमिटीने १५ दिवसांत लेखी निर्णय द्यावा."

शेवटचं वाक्य सोडू नका, बाकी सगळं असून ते नसेल तर अर्ज फाइलमध्ये पडून राहतो.

नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेत असाल तर गोष्ट वेगळी. २०२५ च्या धोरणात नव्या निवासी इमारतींचं १०० टक्के पार्किंग ईव्हीसाठी तयार असावं असं आहे, व्यापारी इमारतींना ५० टक्के. बिल्डरच्या ब्रोशरवर "ईव्ही रेडी" लिहिलेलं असतं, पण साइटवर जाऊन विचारायचं की माझ्या पार्किंगपर्यंत कंड्युट (वायर न्यायचा पाइप) आलाय का, पॅनलमध्ये जागा ठेवली आहे का, आणि इमारतीचा लोड मागताना गाड्यांचा लोड धरला होता का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक सेल्सवाले थांबतात. करारनाम्यात लिहून घ्या.

वायरिंग: इथे पैसे वाचवू नका

माझा खांबावरचा पॉइंट बसला तो दिवस मला आठवतो. संध्याकाळी सगळे बघायला जमले, मी प्लग लावला, आणि चार्जरवर लाल दिवा. गाडीच्या स्क्रीनवर अर्थिंग दोष. ठेकेदार म्हणाला गाडीतच प्रॉब्लेम आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या जुन्या वायरमनने मल्टीमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये १४ व्होल्ट. ती हिरवी वायर कुठे जाते म्हणून शोधत गेलो तर ती पार्किंगच्या एका जुन्या जीआय पाइपला गुंडाळलेली, आणि तो पाइप पुढे प्लास्टिकच्या पाइपला जोडलेला, म्हणजे जमिनीशी संबंधच नाही. घरात फ्रिज, टीव्ही तसंच चालतं, कळतही नाही, पण ईव्हीचा चार्जर अर्थिंग तपासल्याशिवाय सुरूच होत नाही आणि ते आपल्याच भल्याचं आहे. शेवटी बागेच्या कडेला नवीन अर्थिंगचा खड्डा घेतला, तांब्याची पट्टी थेट पॅनलपर्यंत आणली, व्होल्टेज दीडच्या आसपास आलं आणि हिरवा दिवा लागला.

मधल्या काळात दोन जणांनी मला सांगितलं की न्यूट्रल आणि अर्थ प्लगमध्येच जोडून टाका, लगेच चालू होतं. हे कधीही, कुठल्याही परिस्थितीत करू नका. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि पार्किंगमध्ये पोरं खेळत असतात.

बाकी वायरिंगचं सांगायचं तर प्रत्येक पॉइंटला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच, दोन पॉइंटला मिळून एक असं चालणार नाही. ३.३ किलोवॉटला १६ अँपियर औद्योगिक पद्धतीचा सॉकेट लावा, घरातला पांढरा सॉकेट दोन-दोन तास पूर्ण लोड सलग घेऊन वितळू शकतो, मी वितळलेले बघितलेत. केबल आर्मर्ड (वरून धातूचं कवच असलेली), तांब्याची. जाडी अंतरावर ठरते आणि इथे ठेकेदार बहुतेक वेळा एकच जाडी सगळीकडे लावतो. ७.४ किलोवॉटला ३२ अँपियर जातात, मीटर रूमपासून पार्किंग ६० मीटर लांब असेल तर ६ स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये जवळजवळ १२ व्होल्ट केबलमध्येच जातात, १० स्क्वेअर एमएम टाकली तर सातवर येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यात हे १२ गेले की चार्जर मध्येच बंद पडतो आणि आपण गाडीला दोष देतो.

सॉकेट जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर, पावसाचं पाणी उडणार नाही अशा बाजूला. बेसमेंटमध्ये पाणी साठत असेल तर तिथे पॅनल नकोच, वर घ्या. पॅनलजवळ जुनी गादी, रद्दी, पेंटचे डबे असं काही ठेवू देऊ नका, विजेच्या आगीसाठी चालणारं अग्निशामक जवळ टांगा आणि वॉचमनला पॅनलचा मेन स्विच कुठला ते हात धरून दाखवा. त्या स्विचवर लाल रंगाने मराठीत मोठं "ईव्ही मेन" लिहा.

काम झाल्यावर ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट घ्या, त्यात अर्थिंगचा रेझिस्टन्स आणि इन्सुलेशनचं रीडिंग असलं पाहिजे. नुसता शिक्का नको.

महावितरणचा अर्ज

अर्ज ऑनलाइन होतो, महावितरणच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर, मुंबईत तुमची जी कंपनी असेल म्हणजे बेस्ट, अदानी, टाटा, त्यांच्याकडे. वापराचा प्रकार निवडताना ईव्ही चार्जिंगच निवडा, कंटाळा करून व्यावसायिक निवडलं तर दर वेगळा लागतो आणि नंतर बदलायला चकरा. सोसायटीची ना हरकत, ठरावाची प्रत, पार्किंग तुमच्या नावे असल्याचं पत्र, टेस्ट रिपोर्ट, ओळखपत्र, एवढं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. कोटेशन (भरायच्या रकमेचं पत्र) आलं की त्याच दिवशी भरा, कारण पुढची मुदत तिथून मोजतात. काम अडलं तर आधी १९१२ वर तक्रार, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, त्यावर काही झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे लेखी जाता येतं, वकील लागत नाही. आमच्या एका सभासदाने मंचाकडे जाण्याचा नुसता मसुदा दाखवला आणि चार दिवसात मीटर आलं.

वीज कोळशाची असेल तर उपयोग काय

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतं आणि प्रश्न चांगला आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, आपली बरीच वीज अजून कोळशावरच तयार होते, आणि तो धूर चंद्रपूरची माणसं रोज श्वासात घेतात, हे आपण पुण्या-मुंबईत बसून विसरायला नको. तरीही इलेक्ट्रिक मोटर ऊर्जा फार कमी वाया घालवते, पेट्रोल इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते, त्यामुळे एकूण हिशोब ईव्हीच्याच बाजूने जातो. पण तो अजून सुधारता येतो आणि ते आपल्या हातात आहे.

दुपारी ग्रिडमध्ये सौर वीज भरपूर असते. म्हणूनच राज्यात टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे सवलत आली. ज्यांची गाडी दिवसा पार्किंगमध्येच उभी असते, म्हणजे घरून काम करणारे, निवृत्त मंडळी, सेकंड कार, त्यांनी दुपारीच चार्ज करावं, स्वस्त पण पडतं आणि त्या युनिटात सूर्याचा वाटा जास्त असतो. बाकीच्यांनी रविवार दुपार पकडावी.

आणि सोसायटीच्या गच्चीवर सोलर नसेल तर ईव्हीच्या ठरावासोबतच तो विषय घ्या. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायटीला कॉमन सोयींसाठी किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे, आणि कॉमन सोयींमध्ये ईव्ही चार्जिंग स्पष्ट धरलेलं आहे, घरटी ३ किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉटपर्यंत. समजा १५ किलोवॉट बसवलं तर २ लाख ७० हजार अनुदान, सावली नसलेली साधारण दीड हजार चौरस फूट गच्ची लागते, आणि दिवसाला ६० च्या आसपास युनिट मिळतात. वरचा हिशोब आठवा, एका कारला रोज साडेसहा युनिट, म्हणजे नऊ गाड्यांचं रोजचं धावणं तुमच्या गच्चीवर तयार होतं. आमच्या मीटिंगमध्ये हे एक वाक्य बोललो तेव्हा ज्यांच्याकडे गाडीच नाही अशा आजींनी पण विचारलं, मग लिफ्टचं बिल पण कमी होईल का रे? होईल, त्याच योजनेत होईल.

सोसायटीच्या बाहेर पण मागणी करा

सगळ्यांकडे पार्किंग नसतं. चाळीत राहणारे, रस्त्यावर रिक्षा लावणारे, त्यांच्यासाठी सार्वजनिक चार्जर लागणारच आणि ते महापालिकेकडून मागून घ्यावे लागतात. राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून माझी वसुंधरा अभियान चालू आहे, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर नगरपालिका, ग्रामपंचायतींना गुण मिळतात आणि ईव्ही चार्जिंग, सौर ऊर्जा हे त्यातल्या अग्नी तत्त्वात येतं. अर्जात या अभियानाचा उल्लेख केला की अधिकाऱ्यालाही ते काम करण्यात रस वाटतो, त्यांच्या शहराचे गुण वाढतात. मंडईजवळची, उद्यानाबाहेरची, वॉर्ड ऑफिसची नेमकी जागा सुचवा, फोटो लावा, "आमच्या भागात चार्जर हवा" एवढंच लिहिलं तर काही होत नाही. २०२१ च्या धोरणात खासगी चार्जिंग बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत द्यायला स्थानिक संस्थांना प्रोत्साहन द्यायचं असं होतं, तुमच्या पालिकेने ती ठेवली आहे का हे कर विभागात जाऊन लेखी विचारा.

आणि ज्यांना गाडी घ्यायचीच नाही त्यांनी बस धरावी, हे मी मनापासून सांगतो. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ ला इलेक्ट्रिक शिवाई सुरू झाली. पुण्यात पीएमपीएमएलच्या ई-बस २०१९ पासून आहेत, मुंबईत बेस्टची इलेक्ट्रिक डबल डेकर २०२३ ला आली. एका भरलेल्या ई-बसमधली माणसं आपापल्या ईव्ही कारने निघाली तर कितीतरी गाड्या लागतात, आणि त्या रस्त्यावर जागाही कितीतरी जास्त अडवतात. बसथांब्यावर शेड, वेळेवर फेऱ्या, यासाठी पण त्याच वॉर्ड ऑफिसात त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर या रविवारी खाली जाऊन मीटर रूम ते तुमचं पार्किंग हे अंतर टेपने मोजा, मीटरवरचा सँक्शन लोड बिलावर बघून लिहून घ्या, आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते वॉचमनला विचारा. त्याला माहीत नसेल तर सेक्रेटरींना विचारा. त्यांनाही माहीत नसेल तर पुढच्या मीटिंगचा पहिला विषय तोच ठेवा, गाडीचा नंतर.